अकाली वयात येणे, त्यावरचे हार्मोन उपचार आणि मुलांची हाडे: इंदूरच्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. येथे तपासणीचे अहवाल इंग्रजीत येतात, डॉक्टरांशी बोलणे बहुधा हिंदीत होते आणि घरी गेल्यावर तेच सारे आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगावे लागते. या प्रवासात काही ना काही निसटते, आणि जे निसटते ते बहुतेक वेळा हाडांविषयीचे असते. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या घरातून दुसऱ्या भेटीला येणारी आई हमखास सांगते, "सासूबाई म्हणतात, पोरीचे हार्मोन अडवाल तर तिची हाडे पोकळ होतील." आजींची ही शंका अडाणीपणाची नाही. तिला सविस्तर उत्तर द्यायला हवे, म्हणून हे पान लिहिले आहे. येथील माहिती विषय समजून घेण्यासाठी आहे. औषध सुरू करणे किंवा थांबवणे हे मात्र मुलीला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

कोणत्या वयाच्या आत वयात येणे अकाली मानले जाते?

मुलींच्या बाबतीत 8 वर्षे पूर्ण होण्याआधी स्तनांची वाढ सुरू झाली आणि मुलग्यांच्या बाबतीत 9 वर्षे पूर्ण होण्याआधी वृषणांचा आकार वाढू लागला, तर त्याला अकाली यौवनारंभ म्हणतात. पालक पाळीची वाट पाहत थांबतात, ही माझी मोठी खंत आहे. पाळी ही यौवनातील उशिराची पायरी असून छातीत पहिली गाठ जाणवल्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी ती येते. त्यामुळे पाळी आल्यावर मूल आमच्याकडे आणले जाते, तेव्हा उंची वाढण्याचा बराचसा काळ हातचा गेलेला असतो.

सातव्या वर्षी छातीत गाठ जाणवली म्हणजे यौवन थोपवणारे इंजेक्शन द्यावेच लागेल का?

नाही. काही मुलींमध्ये केवळ स्तनांची किंचित वाढ होते आणि ती तेथेच थांबते. काहींना फक्त काखेत किंवा जांघेत केस येतात, आणि त्यामागे बहुधा अधिवृक्क (मूत्रपिंडावरची ॲड्रिनल) ग्रंथी थोडी लवकर जागी झालेली असते. या दोन्ही प्रकारांत उंची झपाट्याने वाढत नसेल आणि हाडांचे वय फारसे पुढे गेलेले नसेल, तर चार-सहा महिने नियमितपणे मोजमाप घेत राहणे हाच योग्य मार्ग असतो. उपचाराचा विचार तेव्हा करायचा, जेव्हा बदल एकामागून एक वेगाने होत असतात आणि रक्ततपासणीत मेंदूकडून येणारे संकेत सुरू झाल्याचे दिसते.

आणखी एक कारण आवर्जून तपासावे लागते. थायरॉइडची तीव्र कमतरता असलेल्या काही मुलींमध्येही स्तनांची वाढ लवकर होते आणि पाळीही येऊ शकते. मात्र त्यांची उंची खुंटलेली आणि हाडांचे वय मागे असते. त्यांना थायरॉक्सिनची गोळी पुरते.

मेंदूचा एमआरआय का सांगतात? घरातले सगळे घाबरून जातात.

वयात येण्याची सूत्रे मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडे असतात. मुलींमध्ये बहुतेक वेळा कोणतेही विशेष कारण सापडत नाही. काही कुटुंबांत एमकेआरएन3 या जनुकातील बदल आढळतो. मुलग्यांमध्ये आणि 6 वर्षांहून लहान मुलींमध्ये मात्र त्या भागात गाठ किंवा जन्मजात दोष असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्यांच्यासाठी एमआरआय आवश्यक मानतात. 6 ते 8 वर्षांच्या मुलींबाबत इतर लक्षणे पाहून निर्णय घेतात.

हाडांचे वय म्हणजे काय, आणि त्यासाठी डाव्याच हाताचा एक्स-रे का काढतात?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा एक थर असतो. हाड लांबीने वाढते ते याच थरातून. वय वाढते तसतसा हा थर टणक होत जातो आणि शेवटी हाडात मिसळून जातो. तो एकदा मिसळला की उंची कायमची थांबते. हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेमध्ये अशा अनेक लहान हाडांची अवस्था एकाच वेळी पाहता येते. डावा हात निवडण्याची प्रथा पडली, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात आणि त्या हाताला इजा होण्याची शक्यता अधिक असते. शिवाय तुलनेसाठीचे सर्व नमुनेही डाव्या हाताचेच आहेत.

जन्मतारखेप्रमाणे 7 वर्षांच्या मुलीचे हाडांचे वय साडेनऊ आले, याचा अर्थ तिच्या हाडांनी अडीच वर्षांची वाट आधीच चालून टाकली आहे. अशी मुलगी आज वर्गात सर्वांत उंच दिसते, आजी कौतुकाने तिची दृष्ट काढतात, आणि पुढे अकराव्या-बाराव्या वर्षी तिची उंची थांबते तेव्हा तिच्या मैत्रिणी तिला मागे टाकून जातात. अकाली यौवनात हाडांचे खरे नुकसान हे आहे, आणि ते उपचार न केल्याने होते. हाडांची काळजी वाटणाऱ्या प्रत्येक आजीला मी ही गोष्ट आधी सांगतो.

इंजेक्शन नेमके काय करते? ते हार्मोन आहे की हार्मोन अडवणारे औषध आहे?

दोन्ही. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचे संप्रेरक थोड्या-थोड्या वेळाने, ठोके पडावेत तसे स्रवते. त्या ठोक्यांमुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी जागी होते, ती एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके सोडते आणि त्यांच्यामुळे बीजांडकोशातून इस्ट्रोजेन किंवा वृषणातून टेस्टोस्टेरॉन तयार होते. जीएनआरएचची रचना शोधून काढणाऱ्या अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमन यांना 1977 सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यानंतर माकडांवरील प्रयोगांतून असे दिसले की हे संप्रेरक ठोक्याठोक्याने दिले तर पीयूषिका काम करते, पण तेच अखंड दिले तर ती काम थांबवते. सतत वाजत राहिलेल्या घंटेकडे कान लक्ष देईनासे होतात, तसाच हा प्रकार आहे.

ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन ही औषधे म्हणजे याच संप्रेरकाची दीर्घकाळ टिकणारी रूपे होत. 1981 साली अकाली यौवन असलेल्या मुलांमध्ये अशा औषधांचा उपयोग झाल्याचे पहिले अहवाल प्रसिद्ध झाले, म्हणजे या उपचारामागे चार दशकांहून अधिक अनुभव आहे. औषध दर 28 दिवसांनी, दर तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी द्यायच्या वेगवेगळ्या मात्रांत मिळते. पहिल्या इंजेक्शननंतर काही दिवस पीयूषिका उलट अधिक उत्तेजित होते, त्यामुळे यौवन पुढे गेलेल्या एखाद्या मुलीला थोडा रक्तस्रावही होऊ शकतो. तो एकदाच होतो. मुलीला आणि तिच्या आईला हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

जिथे यौवन मेंदूच्या संकेतांशिवाय सुरू झालेले असते, उदाहरणार्थ अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारात किंवा मॅक्क्यून-अल्ब्राइट सिंड्रोममध्ये, तिथे केवळ हे इंजेक्शन देऊन उपयोग होत नाही.

इस्ट्रोजेन हाडांना बळ देते असे आम्ही वाचले आहे. मग ते अडवल्यावर हाडे ठिसूळ होणार नाहीत का?

हाच या पानाचा मुख्य प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

इस्ट्रोजेन हाडांच्या बाबतीत दोन कामे करते. ते हाडांत खनिज टिकवून ठेवते आणि वाढीची कूर्चा टणक करून बंदही करते. मुलग्यांमध्येसुद्धा कूर्चा बंद करण्याचे काम इस्ट्रोजेनच करते, हे 1994 साली एका 28 वर्षांच्या पुरुषाच्या उदाहरणावरून स्पष्ट झाले. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी यंत्रणाच जन्मतः निकामी होती. त्या वयातही त्याची उंची वाढत होती, ती दोन मीटरच्या पुढे गेली होती, आणि हाडे मात्र विरळ होती. इस्ट्रोजेनची दोन्ही कामे एकाच माणसात इतकी स्वच्छ दिसावीत, असे वैद्यकशास्त्रात क्वचितच घडते.

आता 7 वर्षांच्या मुलीकडे पाहू. तिचे यौवन वेळेवर सुरू होणार असते, तर या वयात तिच्या रक्तात इस्ट्रोजेन अगदी नगण्य असते. तिच्या वर्गातल्या इतर मुलींच्या रक्तात ते तसेच नगण्य आहे, आणि त्यांची हाडे ठिसूळ नाहीत. इंजेक्शनमुळे आपल्या मुलीची स्थिती तिच्या वयाला साजेशा पातळीवर परत येते, वयाच्या खाली जात नाही. उपचार सुरू होण्यापूर्वी तिच्या हाडांची घनता बहुधा समवयस्क मुलींपेक्षा जास्त असते, कारण तिची हाडे वयाने पुढे गेलेली असतात. उपचाराच्या काळात हाडांत खनिज साठणे थांबत नाही. ते लहान मुलीच्या संथ वेगाने होत राहते. त्यामुळे समवयस्कांशी तुलना केली की तिचा आकडा वर्षागणिक खाली येताना दिसतो. काही मुलींमध्ये उपचाराच्या अखेरीस तो सरासरीहून थोडा कमीही होतो. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

पुढे उपचार थांबतो, बीजांडकोश काम करू लागतात आणि यौवनातली हाडभरणी सुरू होते. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या सुमाराच्या दोनच वर्षांत प्रौढपणीच्या एकूण अस्थिखनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा साठतो. आपण ही दोन वर्षे पुढे ढकलतो, ती काढून घेत नाही. आजींच्या शंकेचे थोडक्यात उत्तर हेच आहे. त्याला जोडूनच हेही लक्षात घ्यावे की ही दोन वर्षे गरजेपेक्षा अधिक लांबणीवर टाकली तर हाडांवर परिणाम होऊ शकतो.

औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात हाडांची झीज होते असे स्पष्ट लिहिले आहे. ते खोटे कसे मानायचे?

ते खोटे नाही. मात्र ते बहुतांशी प्रौढ रुग्णांसाठी लिहिलेले असते. हीच औषधे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आणि स्त्रियांमधील एंडोमेट्रिओसिससाठीही वापरली जातात. प्रौढ माणसाचा सांगाडा पूर्ण बनलेला असतो आणि तो टिकवून ठेवण्यासाठी त्याला इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन लागते. ते अचानक काढून घेतले की रजोनिवृत्तीत होते तशी झीज होते. लहान मुलांचा सांगाडा अजून बांधला जात असतो आणि यौवनाआधीच्या काळात त्या बांधणीला या संप्रेरकांची तेवढी गरज नसते. त्यामुळे साठीतल्या काकांसाठी दिलेली सूचना सात वर्षांच्या नातीला जशीच्या तशी लावता येत नाही.

उपचार थांबवल्यावर हाडे पुन्हा भरून येतात, याला आधार काय?

2009 साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बाल-अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून या उपचाराविषयी एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले. उपचाराच्या काळात घनता कमी होऊ शकते, पण पुढची हाडभरणी शाबूत राहते आणि तारुण्यातील सर्वोच्च अस्थिभारावर वाईट परिणाम झालेला दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. 2008 सालच्या एका इटालियन अभ्यासात 87 मुलींचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. औषध बंद करताना त्यांची घनता तुलनेतील मुलींपेक्षा कमी होती. बीजांडकोशांचे काम पूर्ववत झाल्यानंतर तो फरक उरला नाही. उपचाराच्या काळात पुरेसे कॅल्शियम दिले तर हाडभरणी अधिक चांगली राहते, असेही इटलीतच दिसून आले आहे.

यातील बहुतेक अभ्यास युरोपातल्या मुलींवरचे आहेत. त्यांच्या आहारात दूध-चीज मुबलक असते. आपल्याकडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी पडतात, त्यामुळे मी या निष्कर्षांवर विसंबून स्वस्थ बसत नाही आणि आहाराबाबत जास्त आग्रही राहतो.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्यावी का, आणि तिचा अहवाल कसा वाचावा?

प्रत्येक मुलीला या तपासणीची गरज नसते. पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावे लागले असेल, मूल फारसे चालत-फिरत नसेल, सिलिॲकसारखा आतड्यांचा आजार असेल किंवा उपचार बरीच वर्षे चालणार असेल, तर ती करावी.

अहवाल वाचताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे टी-स्कोअर पाहणे. टी-स्कोअरमध्ये तुलना तरुण प्रौढ व्यक्तीशी असते, त्यामुळे कोणतेही निरोगी मूल त्यात नापासच होईल. मुलांसाठी झेड-स्कोअर पाहायचा, कारण तो त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी तुलना करतो. तो उणे 2 किंवा त्याहून खाली असेल तर वयाच्या मानाने घनता कमी आहे असे म्हणतात. एका केंद्राने 9 वर्षांच्या मुलीच्या अहवालावर प्रौढांच्या मोजपट्टीने 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाडे विरळ, हा शब्द छापला होता. तिच्या आईने दोन रात्री जागून काढल्या आणि घरच्यांनी इंजेक्शन बंद करण्याचा निर्णयही घेऊन टाकला होता. मुलीचा झेड-स्कोअर उणे 0.6 होता, म्हणजे पूर्णपणे सामान्य.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. हे यंत्र हाडाची जाडी मोजत नाही, त्याची सावली मोजते. त्यामुळे उंच मुलाचे हाड आहे त्यापेक्षा दाट आणि बुटक्या मुलाचे आहे त्यापेक्षा विरळ भासते. म्हणून मुलांच्या अहवालाचा अर्थ लावताना उंची विचारात घ्यावी लागते. आकडा कितीही कमी असला तरी केवळ त्यावरून लहान मुलाला ऑस्टिओपोरोसिस आहे असे म्हणता येत नाही; त्यासाठी हाडे मोडल्याचा इतिहास किंवा मणका दबल्याचा पुरावा लागतो.

आमची मुलगी 11 वर्षांची आहे. तिचे वयात येणे वेळेवरच आहे, पण उंची कमी आहे. उंचीसाठी हेच इंजेक्शन देता येईल का?

हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो आणि त्याला मी स्पष्ट नकार देतो. अमेरिकेत बुटक्या, पण वेळेवर वयात येणाऱ्या किशोरवयीन मुलांना साधारण साडेतीन वर्षे हे औषध देऊन एक काटेकोर चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. प्रौढ उंचीत सरासरी सुमारे 4 सेंटिमीटरची भर पडली, पण हाडांची घनता लक्षणीय प्रमाणात घटली, आणि म्हणून संशोधकांनीच अशा मुलांसाठी हा उपचार सरसकट करू नये असे सांगितले.

औषध तेच, पण मुले वेगळी आणि परिणामही वेगळा. सातव्या वर्षी इस्ट्रोजेन थांबवणे म्हणजे जे अवेळी आले त्याला थोपवणे. बाराव्या-तेराव्या वर्षी ते थांबवणे म्हणजे हाडभरणीच्या ऐन हंगामात पाणी तोडणे. लग्नाच्या बाजारात दोन इंच जास्त मोजता यावेत म्हणून मुलीच्या हाडांशी असा सौदा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कॅल्शियम किती लागते? आपल्या घरच्या जेवणातून ते मिळते का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 सालच्या शिफारशींनुसार 7 ते 9 वर्षांच्या मुलांना दिवसाला 650 मिलिग्रॅम आणि 10 ते 12 वर्षांच्या मुलांना 850 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गायीच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 120 मिलिग्रॅम असते, म्हणजे 200 मिलिलिटरचे दोन पेले दूध आणि दुपारच्या जेवणात वाटीभर दही एवढ्याने लहान मुलीची बहुतेक गरज भागते. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना नाचणीचे पीठ आणायला जरूर सांगावे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि आंबील किंवा भाकरी मुले आवडीने खातात. साल न काढलेल्या 10 ग्रॅम तिळांत 100 मिलिग्रॅमहून अधिक असते, मात्र त्यातले शरीराला थोडेच लागू पडते. त्यामुळे संक्रांतीचा तिळाचा लाडू चांगला, पण तो दुधाला पर्याय ठरत नाही. पालकाच्या भाजीचेही तसेच आहे.

इंदूरच्या सकाळविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. पोहे-जिलबी हा आपल्या शहराचा मान आहे आणि रविवारी ती खाल्ल्याने काही बिघडत नाही. रोजच्या न्याहरीला पोहे, वर मूठभर शेव, आणि शाळेतून आल्यावर पुन्हा शेव-परमल असा क्रम असेल, तर मात्र दिवसभरात कॅल्शियम नावापुरतेच पोटात जाते आणि मीठ भरपूर जाते. जास्त मिठामुळे लघवीवाटे कॅल्शियम बाहेर पडते. त्याच पोह्यांबरोबर पेलाभर दूध दिले आणि शेवेच्या जागी भाजलेले शेंगदाणे घातले, तर चवीत फारसा फरक पडत नाही.

आहारातून पुरेसे मिळत नसेल तर डॉक्टर गोळी देतात. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर द्यावी आणि लोहाच्या गोळीबरोबर देऊ नये.

पिशवीच्या दुधातल्या हार्मोनमुळेच मुली लवकर वयात येतात असे ऐकतो. दूध बंद करावे का?

बंद करू नये. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन ही वाईट प्रथा आहे आणि ती थांबायलाच हवी. पण ऑक्सिटोसिन हे प्रथिनासारखे संप्रेरक असल्याने पोटात पचून जाते आणि त्याचा यौवनारंभाशी संबंध नाही. ज्या मुलीच्या हाडभरणीची आपल्याला काळजी आहे तिचेच दूध तोडल्याने तिचे दुहेरी नुकसान होते. मुलींच्या यौवनारंभाचा लठ्ठपणाशी असलेला संबंध मात्र चांगला प्रस्थापित आहे.

इंदूरमध्ये इतके ऊन असताना ड जीवनसत्त्वाची पुडी कशाला?

आपले शहर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे, त्यामुळे उन्हाची कमतरता नाही. कमतरता उन्हात जाण्याची आहे. सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करायला अधिक वेळ लागतो, आणि ज्या वेळी ते सर्वाधिक तयार होते त्या वेळी मुले वर्गात बसलेली असतात. वर्षभराच्या पुढच्या मुलांना दिवसाला 600 आंतरराष्ट्रीय एकके लागतात. रक्तातील पातळी 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून अधिक असेल तर ती पुरेशी मानतात. 60,000 एककांची पुडी हा कमतरतेवरचा ठरावीक आठवड्यांचा उपचार आहे. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ती महिनोन्महिने चालू ठेवल्यास रक्तात कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

उपचार चालू असताना मुलीने उड्या मारल्या, पडली, तर हाड मोडेल का? तिला खेळू द्यावे का?

खेळू द्यावेच. जमिनीवर पाय आपटणाऱ्या खेळांनी हाडे बळकट होतात, हे निश्चित आहे. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, ठिक्कर हे आपले सारे खेळ हाडांसाठी उत्तम आहेत. पोहणे हृदयाला चांगले असले तरी हाडांवर तेवढा भार टाकत नाही. 'तुला इंजेक्शन चालू आहे, जपून राहा' असे म्हणून मुलीला घरात बसवले तर आपण भीतीपोटी तेच घडवून आणतो ज्याची भीती होती. छातीत दुखत असेल तर बनियनसारखा घट्ट आधार द्यावा आणि तिला मैदानावर पाठवावे.

कोणती लक्षणे दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे?

मूल लंगडू लागले, किंवा कमरेत, मांडीत अथवा गुडघ्यात दुखते म्हणाले, तर थांबू नये. क्वचित प्रसंगी मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या कूर्चेवरून घसरते. या उपचाराच्या काळात किंवा त्यानंतर असे घडल्याची काही उदाहरणे नोंदलेली आहेत आणि वजनदार मुलांत त्याची शक्यता अधिक असते. दुखणे खुब्यात असले तरी मूल हात मात्र गुडघ्यावर ठेवते, आणि मग गुडघ्याला बाम चोळण्यात मोलाचे दिवस जातात. दुसरे लक्षण म्हणजे तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि धूसर दिसणे. डोक्यातील दाब वाढल्याच्या दुर्मीळ घटना समोर आल्यावर 2022 साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांवर तशी सूचना छापायला लावली. इंजेक्शनच्या जागी टणक, दुखरी गाठ राहिली तर तेही दाखवावे.

उंची किती वाढेल, ते सांगता येईल का?

नेमके सांगता येत नाही. 6 वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या मुलींना सर्वाधिक फायदा होतो, 6 ते 8 वर्षांच्या मुलींना कमी-अधिक, आणि त्यानंतर सुरुवात झाली असेल तर उंचीसाठी फारसा नाही. घराण्याची उंची हा अंदाजाचा आधार असतो. मुलीसाठी आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करून त्यातून 13 सेंटिमीटर वजा करतात आणि उरलेल्या संख्येला 2 ने भागतात; वडील 168 आणि आई 155 असेल तर उत्तर 155 येते. उपचार सुरू झाल्यावर वाढीचा वेग वर्षाला 4 ते 6 सेंटिमीटरवर येतो. 'इंजेक्शनने उंचीच थांबली' म्हणून काही पालक हळहळतात, पण त्या वयाच्या मुलीची वाढ एवढीच असायला हवी.

उपचार कधी थांबवतात? पाळी आणि पुढे मूल होणे यांचे काय?

बहुतेक मुलींमध्ये वय 11 च्या आसपास आणि हाडांचे वय 12 ते साडेबाराच्या सुमारास असताना औषध थांबवतात. ठरावीक आकड्यापेक्षा मुलीची मानसिक तयारी, उरलेली वाढ आणि मैत्रिणींच्या बरोबरीने वयात येण्याची तिची इच्छा यांना महत्त्व द्यावे. औषध थांबल्यानंतर सरासरी वर्ष-दीड वर्षात पाळी येते. पुढील आयुष्यात गर्भधारणेवर परिणाम झाल्याचे आढळलेले नाही. पाळी आल्यानंतरची दोन-तीन वर्षे कॅल्शियम आणि खेळ यांबाबत सर्वाधिक दक्ष राहावे, आणि नेमक्या त्याच काळात मुली दूध सोडतात व शिकवणीपायी मैदानही सोडतात.

मुलग्यांच्या हाडांबाबत काही वेगळे आहे का?

उपचार आणि हाडांची काळजी सारखीच. कारण शोधण्यावर मात्र अधिक भर द्यावा लागतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी मामाकडे पुण्याला जाणार आहे आणि इंजेक्शनची तारीख मध्येच येते. दोन आठवडे पुढे ढकलले तर चालेल का?

महिन्याच्या इंजेक्शनला दोन आठवडे उशीर करू नये, कारण औषधाचा अंमल उतरला की पीयूषिका पुन्हा जागी होऊ शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून घ्यावी आणि पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडून ते वेळेवर टोचून घ्यावे. औषध येथूनच न्यायचे असेल तर ते थंड ठेवावे लागते का, हे खोक्यावर पाहावे. काही प्रकार 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागतात. मे महिन्यात रात्रभराच्या बसप्रवासात असे औषध बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट टेकणार नाही अशा रीतीने ठेवावे, कारण ते गोठले तरीही निकामी होते.